दुकानाचे ‘अ‍ॅफिलिएट’ आणि संघटनेचे ‘अ‍ॅफिलिएट’

(लखनौ येथील कामगार शिक्षण वर्गात रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गाचा विषय फळ्यावर वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडलेल्या आम्ही पाहिल्या. वेतन आयोग, पेन्शन, रिक्त जागा, खासगीकरण हे विषय समोर असताना ऑनलाइन दुकाने आणि गूगलचा शोध यांच्याशी युनियनचा काय संबंध, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. संबंध आहे, आणि तो तीन प्रकारचा आहे. एक, आपल्या घरातील स्त्रिया व मुले आता या धंद्यात उतरली आहेत. दोन, त्यात त्यांचे कष्टाचे पैसे बुडण्याचा संभव आहे. आणि तीन, त्यात आपल्या नोकरीलाच धोका होईल असा एक नियम आहे, जो बहुतेकांनी नोकरीला लागताना सही करून घेतला आणि नंतर कधी वाचला नाही. म्हणून हा विषय.

लखनौचे उदाहरण

लखनौ हे आपल्या दोन्ही खात्यांचे मोठे ठाणे आहे. उत्तर रेल्वे आणि पूर्वोत्तर रेल्वे अशा दोन विभागांची कार्यालये येथे आहेत, आरडीएसओ येथे आहे, चारबाग आणि आलमबागची वर्कशॉप येथे आहेत. हजरतगंजच्या ज्या जीपीओत आपले टपाल बंधू काम करतात, त्या इमारतीत काकोरी खटला चालला होता. त्या खटल्यात दहा वर्षांची शिक्षा झालेले रामकृष्ण खत्री हे बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे, आणि पुढे ते याच शहरात राहिले. म्हणजे मराठी माणसाचे या शहराशी नाते जुने आहे.

लखनौचे दुसरे नाव चिकनकारी. कापडावर लाकडी ठशाने नक्षी छापायची, मग बाईने घरी बसून टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाळी अशा टाक्यांनी ती भरायची, मग धुलाई आणि इस्त्री. या कामाला २००८ साली भौगोलिक निर्देशांक, ज्याला आपण जीआय म्हणतो, तो मिळाला. उत्तर प्रदेश सरकारने २०१८ साली ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजना सुरू केली, त्यात लखनौच्या वाट्याला चिकन आणि जरीकाम आले. तरीसुद्धा सुई चालवणारी बाई आजही बहुतेक ठिकाणी नगावर मजुरी घेते आणि तिच्या व गिऱ्हाइकाच्या मध्ये दोन-तीन मध्यस्थ असतात. १९८४ साली येथे ‘सेवा लखनौ’ ही संस्था स्थापन झाली, ती याच मध्यस्थांच्या साखळीला पर्याय म्हणून.

आपल्या रेल्वे क्वार्टर्समधील आणि टपाल वसाहतीतील भगिनी चौक-अमीनाबादमधून कुर्ते, साड्या घेऊन पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना पाठवत असत. आता त्यांतल्या काहींनी स्वतःचे ऑनलाइन दुकान काढले आहे, काही थेट कारागीर बायकांकडून माल घेतात. ही चांगली गोष्ट आहे. पण अशा काही भगिनी आमच्याकडे सल्ला विचारायला आल्या. त्यांना एका जाहिरात एजन्सीने सांगितले होते, “ताई, तुम्ही अ‍ॅफिलिएट प्रोग्राम सुरू करा. आम्ही पाचशे अ‍ॅफिलिएट मिळवून देतो. पाचशे ठिकाणी तुमच्या दुकानाची लिंक लागली की गूगलवर तुम्ही पहिल्या पानावर आलात म्हणून समजा.” त्यासाठी रक्कम आगाऊ मागितली होती.

या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. अ‍ॅफिलिएट ठेवून विक्री वाढू शकते, ही एक. त्यामुळे गूगलवर नंबर वर जातो, ही दुसरी. पहिली गोष्ट खरी असू शकते. दुसरी खरी नाही. ती का खरी नाही, हे समजून घेऊ.

अ‍ॅफिलिएट म्हणजे कोण?

‘अ‍ॅफिलिएट’ हा शब्द आपल्याला नवा नाही. आपली युनियन फेडरेशनला अ‍ॅफिलिएटेड म्हणजे संलग्न आहे. आपण संलग्नता वर्गणी भरतो, आपले प्रतिनिधी अधिवेशनाला जातात, मत देतात, घटना दुरुस्त करतात. संलग्न म्हणजे हक्काचा भागीदार.

दुकानाचा अ‍ॅफिलिएट तसा नाही. तो कमिशनवरचा विक्रेता आहे. त्याला मत नाही, पगार नाही, रजा नाही. अशी माणसे आपल्या खात्यांत आपण रोज पाहतो. लहान हॉल्ट स्टेशनवर तिकिटे विकणारा हॉल्ट एजंट कमिशनवर असतो. एटीव्हीएम मशीनवर तिकीट काढून देणारे आपलेच निवृत्त बंधू कमिशनवर असतात. टपाल खात्यात महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट भगिनी घरोघर जाऊन आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करतात, त्यांना चार टक्के कमिशन मिळते. ऑनलाइन अ‍ॅफिलिएट याच जातीचा. फरक एवढाच की तो दारात येत नाही, लिंक पाठवतो.

ही पद्धत अमेरिकेत सुरू झाली आणि अ‍ॅमेझॉनने १९९६ साली तिला मोठे रूप दिले. दुकान प्रत्येक अ‍ॅफिलिएटला एक वेगळी लिंक देते. तिच्यात त्याचा सांकेतिक नंबर असतो. स्पीड पोस्टच्या पाकिटावरचा बारकोड पाहून पाकीट कोठे बुक झाले ते कळते, तसे या लिंकवरून गिऱ्हाईक कोणी पाठवले ते दुकानाला कळते. गिऱ्हाइकाने ठरावीक मुदतीत खरेदी केली तर कमिशन मिळते. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत ही मुदत साधारण २४ तासांची आहे. गिऱ्हाइकाने पंचविसाव्या तासाला खरेदी केली तर माल विकला जातो, पण पाठवणाऱ्याच्या हाती काही पडत नाही.

गूगलवरचा क्रम आणि गुप्त मतदान

आता गूगल नंबर कसा लावते ते पाहू. गूगल कंपनी १९९८ साली स्थापन झाली. तिच्या संस्थापकांची मूळ कल्पना अशी की एका पानाने दुसऱ्या पानाची लिंक दिली तर ते त्याला दिलेले एक मत समजावे. ज्याला स्वतःला पुष्कळ मते आहेत, त्याने दिलेल्या मताचे वजन अधिक धरावे. आज क्रम ठरवताना इतर शेकडो गोष्टी पाहिल्या जातात. मजकूर उपयोगी आहे का, पान लवकर उघडते का, मोबाइलवर नीट दिसते का, या सगळ्यांचा त्यात विचार होतो. पण लिंक म्हणजे मत, ही कल्पना अजून टिकून आहे.

मत म्हटले की विकत घेणारा आलाच. रेल्वेत मान्यताप्राप्त युनियन ठरवण्यासाठी २००७, २०१३ आणि २०२४ साली गुप्त मतदान झाले. त्यात कोणी पाकिटे वाटून मते मिळवली तर आपण काय म्हटले असते? ते मत मोजू नका, असेच म्हटले असते. गूगलनेही तेच केले. पैसे किंवा कमिशन घेऊन दिलेली लिंक ही जाहिरात आहे, ते मत नव्हे, असा तिचा नियम आहे. अशा लिंकवर खूण करावी लागते. २००५ पासून त्यासाठी ‘नोफॉलो’ ही खूण आहे आणि २०१९ साली खास पैशाच्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण आली. या खुणा वाचकाला दिसत नाहीत, पानाच्या आतल्या लिखाणात असतात. अर्थ एकच, हे मत क्रमासाठी मोजू नये.

मग पाचशे अ‍ॅफिलिएटांच्या पाचशे लिंकचे काय होते? खूण केली असेल तर त्या मतात धरल्या जात नाहीत. खूण केली नसेल तर नियमभंग होतो. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल केला, त्यात विकत घेतलेल्या लिंकवर उभी राहिलेली अनेक दुकाने एका रात्रीत खाली गेली. २०१६ नंतर गूगल अशा लिंक बहुतेक वेळा नुसत्या बाद करते. पण प्रकार ठळक असेल तर माणसाकरवी तपासणी होऊन दंडाची कारवाई आजही होते. म्हणजे एजन्सीचे पाचशे अ‍ॅफिलिएट एक तर शून्य देतात, नाही तर शून्याच्याही खाली नेतात.

दोन परदेशी उदाहरणे

अमेरिकेत ‘ओव्हरस्टॉक’ नावाचे मोठे ऑनलाइन दुकान होते. शिक्षणसंस्थांच्या पानांना गूगल वजन देते हे पाहून त्या दुकानाने विद्यार्थी व शिक्षकांना सवलत देऊ केली, अट अशी की कॉलेजच्या पानावर दुकानाची लिंक लावावी. फेब्रुवारी २०११ मध्ये हे उघडकीस आले आणि गूगलने दुकानाला दंड म्हणून खालच्या पानांवर ढकलले. सुमारे दोन महिन्यांनी तो दंड उठला. रोख पैसे दिले नव्हते, सवलत दिली होती. तरी तो मोबदलाच ठरला.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधले. ‘इंटरफ्लोरा’ ही फुले पोहोचवणारी जुनी कंपनी. तिने वृत्तपत्रांतून लेखाच्या रूपात जाहिराती आणल्या आणि त्यांत आपल्या लिंक पेरल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गूगलवरून अशी खाली गेली की स्वतःचे नाव टाकून शोधले तरी तिचे पान सापडेना. सुमारे अकरा दिवसांनी ती परत आली. मोठ्या कंपनीला वकील, तंत्रज्ञ आणि पैसा असतो, ती अकरा दिवसांत उभी राहते. आपल्या वसाहतीतल्या वहिनीच्या दुकानावर अशी वेळ आली तर तिला कोण उभे करणार? ऐन सणाच्या तोंडावर माल घरात पडून राहील आणि उधारी मात्र कारागीर बायकांची थकेल.

दुकानाचे नुकसान कोणत्या वाटांनी होते?

लिंकचा प्रश्न बाजूला ठेवला तरी अ‍ॅफिलिएट ठेवल्याने दुकानाचा क्रम आणि धंदा बिघडण्याच्या आणखी चार वाटा आहेत.

पहिली वाट नक्कलीची. दुकानदार बाईने एका कुर्त्याचे वर्णन लिहिले. अ‍ॅफिलिएटांनी तेच शब्द, तेच फोटो उचलून आपापल्या पानावर चिकटवले. एकच मजकूर पन्नास ठिकाणी दिसला की गूगल त्यांतला एखादाच पुढे दाखवते. तो मूळ दुकानाचाच असेल अशी खात्री नसते. अ‍ॅफिलिएटचे पान जुने आणि वजनदार असेल तर ते मूळ दुकानाच्या पुढे बसते. मग आपल्याच मालासाठी आपल्यालाच कमिशन मोजावे लागते. नुसती नक्कल करून लिंक लावणारी पाने गूगलच्या नियमात निकृष्ट मानली जातात, पण ती पकडली जाईपर्यंत नुकसान झालेले असते.

दुसरी वाट कूपनची. गिऱ्हाईक दुकानात येते, माल निवडते, पैसे भरण्याच्या वेळी थांबते आणि गूगलवर दुकानाचे नाव व ‘कूपन’ असे शोधते. तेथे एखादे कूपनचे पान सापडते, ते त्यावर बोट ठेवते आणि परत येऊन खरेदी करते. कमिशन कूपनवाल्याला जाते. त्याने गिऱ्हाईक आणले नाही, फक्त दारातून वळवून पुन्हा आत पाठवले. प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या, तिकीट हातात असलेल्या प्रवाशाला डब्यापर्यंत नेऊन दलाली मागण्यासारखे हे आहे.

तिसरी वाट अनेक पत्त्यांची. प्रत्येक अ‍ॅफिलिएटचा नंबर लिंकच्या शेवटी जोडला की एकाच पानाचे शंभर पत्ते तयार होतात. एकाच गाडीला शंभर नंबर दिले तर चौकशी खिडकीवर जो गोंधळ होईल तोच येथे होतो. यावर उपाय सोपा आहे. मूळ पत्ता कोणता हे सांगणारी ‘कॅनॉनिकल’ नावाची खूण पानात घालता येते. दुकान बांधून देणाऱ्याकडून ती घातली आहे का, हे विचारून घ्यावे.

चौथी वाट नावाची. काही अ‍ॅफिलिएट आपल्या दुकानाच्या नावावरच गूगलला पैसे देऊन जाहिरात लावतात. आपले नाव शोधणारे गिऱ्हाईक त्यांच्या जाहिरातीतून आपल्याकडे येते. घर आपले, पाटी आपली आणि दारात टोल दुसऱ्याचा. करारात याला स्पष्ट मनाई लिहून घ्यावी लागते.

गेल्या काही वर्षांत यात एक प्रकार वाढला. नावाजलेल्या वृत्तपत्रांच्या व मासिकांच्या पत्त्याखाली कूपनांची आणि ‘सर्वोत्तम दहा’ अशा याद्यांची पाने दुसऱ्याच कंपन्या चालवू लागल्या, कारण त्या पत्त्याला गूगलवर वजन होते. मार्च २०२४ मध्ये गूगलने याविरुद्ध नियम जाहीर केला आणि मे महिन्यापासून कारवाई सुरू केली. दुसऱ्याच्या इभ्रतीवर बसून धंदा करणे हे आता गूगलही चालवून घेत नाही.

याचा अर्थ गूगल ही न्यायदेवता आहे असा नव्हे. तीही नफ्यासाठी चालणारी कंपनी आहे. शोधाच्या निकालांत पक्षपात केला म्हणून आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये तिला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ज्याच्या हाती क्रम लावण्याची सत्ता आहे त्याच्यावर लक्ष ठेवावेच लागते, मग तो गूगल असो, मोठे ऑनलाइन दुकान असो किंवा आपल्या कार्यालयातील सीनियॉरिटी लिस्ट लावणारा बाबू असो.

मग अ‍ॅफिलिएट ठेवूच नयेत काय?

तसे आम्ही म्हणत नाही. जो माणूस माल हाताळून, वापरून, त्याबद्दल प्रामाणिकपणे लिहितो किंवा व्हिडिओ करतो, त्याच्यामुळे गिऱ्हाईक येते. हातकाम आणि मशीनकाम यांतला फरक समजावून सांगणारी एक भगिनी नुसती लिंक चिकटवणाऱ्या पाचशे जणांपेक्षा मोलाची. तिची लिंक क्रमात मोजली जात नाही, हे खरे. पण तिच्यामुळे आलेले गिऱ्हाईक समाधानी झाले तर ते दुसऱ्याला सांगते, आपण होऊन कोठे तरी उल्लेख करते, दुकानाचे नाव टाकून पुन्हा शोधते. ही कमावलेली मते आहेत. क्रम वर जातो तो यांनी, आणि त्याला वेळ लागतो.

हिशेबही करून पाहावा. समजा, एक कुर्ता बाराशे रुपयांना विकला आणि अ‍ॅफिलिएटला दहा टक्के दिले, तर एकशे वीस रुपये गेले. हे एकशे वीस कोणाच्या वाट्यातून निघणार? कापडवाला भाव कमी करत नाही, टपालाचा दर ठरलेला आहे, पैसे भरण्याच्या सोयीचे शुल्क ठरलेले आहे. राहते कोण, तर दुकानदार बाईचा नफा आणि टाके घालणाऱ्या बाईची मजुरी. दुकानदार बाई अडचणीत आली की ती मजुरीवरच हात घालते. ज्या व्यवहारात लिंक पाठवणाऱ्याला एकशे वीस आणि दिवसेंदिवस सुई चालवून डोळे शिणवणारीला त्याहून कमी मिळते, तो व्यवहार आपल्या घरातून चालत असेल तर युनियनचे सभासद म्हणून आपल्याला त्याची लाज वाटली पाहिजे. आधी मजुरी ठरवा, मग कमिशन ठरवा.

कमिशनवरचा माणूस

आता या व्यवहाराची दुसरी बाजू. आपली मुले नोकरी नाही म्हणून स्वतः अ‍ॅफिलिएट होत आहेत. त्यांना संरक्षण काय?

२०११ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने विक्रीकराचा नवा कायदा केला, तेव्हा अ‍ॅमेझॉनने त्या राज्यातील हजारो अ‍ॅफिलिएटांना एका फटक्यात काढून टाकले. पुढे सरकारशी तडजोड झाल्यावर काही महिन्यांत पुन्हा घेतले. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, लोक घरात अडकून ऑनलाइन खरेदी करत असताना त्याच कंपनीने कमिशनचे दर कापले. फर्निचरचे आठ टक्के होते ते तीनवर आणले, किराण्याचे पाचावरून एकवर आणले. कोणाशी बोलणी नाहीत, कोणाची सही नाही. आपल्याकडेही डिसेंबर २०११ पासून अल्पबचतीच्या एजंटांचे कमिशन कमी झाले, काही योजनांवर तर बंदच झाले, हे टपाल बंधूंना आठवत असेल. कमिशन हा मालकाच्या मर्जीचा विषय असतो. त्यावर वाटाघाटी करायला संघटना लागते.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही इतर तीन संहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. या चारही संहितांबद्दल कामगार चळवळीचे गंभीर आक्षेप आहेत आणि ते कायम आहेत. पण गिग व प्लॅटफॉर्म कामगार हा शब्द तिच्यात प्रथमच आला आहे. अशा कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरावी, अशी तरतूद आहे. ज्या कंपन्यांना ती लागू आहे त्यांच्या यादीत ऑनलाइन बाजारपेठाही आहेत. आमचे म्हणणे असे की, कमिशनवर लिंक चालवून उपजीविका करणाऱ्यालाही या निधीचा लाभ नावानिशी मिळाला पाहिजे आणि दर बदलण्यापूर्वी पूर्वसूचना बंधनकारक झाली पाहिजे. ही मागणी फेडरेशनने हाती घ्यावी.

मुलांना एक ताकीदही द्या. खऱ्या अ‍ॅफिलिएट योजनेत दाखल व्हायला पैसे लागत नाहीत. “अमुक हजार भरा, मग तुमच्याखाली आणखी दहा जण आणा,” असे कोणी म्हणाले तर तो अ‍ॅफिलिएट धंदा नव्हे, ती साखळी योजना आहे. १९७८ च्या कायद्याने आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनी तिला बंदी आहे.

नियम १५ विसरू नका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. झोप आली असेल त्यांनी येथे जागे व्हावे.

टपाल बंधूंना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू आहेत. रेल्वे बंधूंना रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम, १९६६ लागू आहेत. दोन्हींत पंधरावा नियम खासगी व्यापार व नोकरी यांबद्दल आहे. पूर्वपरवानगीशिवाय प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष व्यापारधंदा करता येत नाही. पत्नी किंवा कुटुंबातील अन्य कोणाची विमा एजन्सी, कमिशन एजन्सी असेल तर तिच्यासाठी प्रचार करणे हाही नियमभंग मानला जातो. आणि कुटुंबातील कोणी व्यापार किंवा कमिशन एजन्सी चालवत असेल तर ते खात्याला कळवावे लागते.

नियम लिहिला तेव्हा मोबाइल नव्हता. पण ‘कमिशन एजन्सी’ हे शब्द तेव्हापासून आहेत आणि अ‍ॅफिलिएटचे काम म्हणजे कमिशनवर माल खपवणे. आपल्या नावावर अ‍ॅफिलिएट खाते काढून ड्यूटीवरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये लिंक टाकणारा ट्रॅकमन, गार्ड, पोस्टमन किंवा सॉर्टर हा आपल्याच हाताने आरोपपत्राचा कागद तयार करतो. लिंकमधला नंबर आणि बँकेत जमा झालेले कमिशन हे दोन्ही पुरावे कायमचे राहतात. एरवी साहेब दुर्लक्ष करतील, पण ज्या दिवशी तुम्ही युनियनच्या कामासाठी त्यांच्याशी भांडाल, त्या दिवशी तोच कागद टेबलावर येईल. ग्रामीण डाकसेवकांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी ते पाहून मगच पाऊल टाकावे. निवृत्त बंधूंना मात्र हे काम स्वतः करण्यास मोकळीक आहे.

पत्नीने, मुलीने, सुनेने धंदा करू नये असे नियम म्हणत नाही. तो त्यांचा हक्क आहे. खाते त्यांच्या नावाने असावे, हिशेब त्यांचा असावा, आपण प्रचार करू नये आणि लेखी कळवून पोच घ्यावी. अर्जाचा नमुना शाखा कार्यालयातून मिळेल.

काय करावे?

घरी गेल्यावर सांगता येईल असे थोडक्यात सांगतो.

१. ‘पहिल्या पानाची हमी’ देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. गूगलवरच्या क्रमाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगल स्वतः सांगते.

२. अ‍ॅफिलिएट थोडे ठेवावेत, पारखून ठेवावेत. लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ खूण, मजकुराची नक्कल नको, दुकानाच्या नावावर जाहिरात नको, कूपनचे स्वतंत्र नियम, हे लेखी असावे.

३. मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्याने ते उघड सांगितले पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने याबाबत सोप्या भाषेतील सूचनाही काढल्या आहेत.

४. मालाचे वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहावे. कोणता टाका, कोणत्या गावचे काम, किती दिवस लागले, धुवायचे कसे, हे खरे खरे लिहावे. हे ज्ञान कारागीर बाईकडे असते, अ‍ॅफिलिएटकडे नसते. गूगलला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही तेच हवे असते.

५. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत माल ठेवला असेल तर तेथील क्रम कशावर ठरतो हे विचारण्याचा हक्क आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मालाचा व विक्रेत्यांचा क्रम ठरवण्याचे मुख्य निकष सोप्या भाषेत जाहीर करणे त्यांना बंधनकारक आहे.

६. शक्य तेथे बायकांनी एकत्र यावे. दहा जणींची दहा दुकाने काढण्यापेक्षा दहा जणींचा एक गट आणि एक दुकान बरे. लिहिणे, फोटो, पॅकिंग, टपाल यांची वाटणी होते आणि कारागिराला दर ठरवून देता येतो. पैठणी असो, सोलापुरी चादर असो की कोल्हापुरी चप्पल, आपल्या गावाकडच्या मालालाही हेच लागू आहे.

साथींनो, विकत घेतलेल्या मतावर उभी राहिलेली युनियन पुढच्या निवडणुकीपर्यंतही टिकत नाही, हे आपण आपल्या हयातीत पाहिले आहे. विकत घेतलेल्या लिंकवर उभे राहिलेले दुकान त्याहूनही लवकर कोसळते. जे मत कामावरून मिळते तेच टिकते. आपली युनियन सभासदाच्या प्रश्नाला धावून जाते म्हणून तिला मत मिळते. दुकानाने माल चोख द्यावा, मजुरी चोख द्यावी, खरे बोलावे, म्हणजे त्यालाही मत मिळेल.

आणि शेवटी शब्दाचा प्रश्न. दुकानाचा अ‍ॅफिलिएट एकटा असतो, म्हणून त्याचा दर कोणीही कापतो. संघटनेचा अ‍ॅफिलिएट एकटा नसतो. आपली मुले पहिल्या प्रकारचे अ‍ॅफिलिएट होत आहेत. त्यांना दुसऱ्या प्रकारचे अ‍ॅफिलिएट होण्याचा रस्ता दाखवणे हे आपले काम आहे. पुढच्या शाखा सभेत या विषयावर ठराव आणावा, अशी विनंती करून आम्ही येथे थांबतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!